रोमन अधिकाऱ्यांची आसनं: कोण कशावर बसायचं आणि कोणासमोर उठायचं

दगडीपाटी (धागाकर्ता)

रोमन प्रजासत्ताकाबद्दल मराठीत लढाया, कटकारस्थानं आणि सीझरचा खून यांवर भरपूर वाचायला मिळतं. पण कॉन्सल (वर्षासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक) किंवा प्रेटर (त्याच्या खालोखालचा, न्यायदान करणारा अधिकारी) सकाळी फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, येऊन बसायचा तो कशावर, कुठे, आणि तो बसला की बाकीच्यांनी काय करायचं, हे सहसा कुठे येत नाही. माझ्या मते रोमन सत्ता समजून घ्यायला इथूनच सुरुवात करावी. तिथली पदांची उतरंड बसण्या-उठण्यात रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मांडलेली असायची.

रोमन नागरिक सभेत उभा असे. ग्रीक शहरांत लोकसभा बसून चाले आणि रोमनांना ते मुळीच पसंत नव्हतं. वक्ता आणि राजकारणी सिसेरोने तर एका खटल्यातल्या भाषणात ग्रीकांच्या अविचारी निर्णयांचं खापर त्यांच्या बसून भरणाऱ्या सभांवर फोडलं आहे. फोरममध्ये हजारो माणसं उभी आणि मोजकीच बसलेली, हे चित्र आधी मनात पक्कं करा. जो बसलाय त्याच्या हातात काहीतरी अधिकार आहे.

आता बसण्याचे प्रकार.

सर्वांत वरचं आसन म्हणजे सेल्ला कुरूलिस, यापुढे त्याला कुरूल आसन म्हणतो. घडीचं, पाठ नसलेलं, समोरून फुलीसारखे दिसणारे वळणदार पाय, वरून हस्तिदंत. ते मिळायचं डिक्टेटर (संकटकाळी नेमलेला सर्वाधिकारी), त्याचा मॅगिस्टर इक्विटम (घोडदळप्रमुख), कॉन्सल, सेन्सॉर (नागरिकांची नोंद ठेवणारे), प्रेटर आणि कुरूल एडाइल (शहराची आणि खेळांची व्यवस्था पाहणारे) यांना. पुरोहितांपैकी ज्युपिटरचा पुजारी, फ्लामेन डियालिस, यालाही ते होतं. इतिहासकार लिव्ही सांगतो की हे आसन, जांभळ्या काठाचा टोगा (अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) आणि बारा लिक्टर (अधिकाऱ्यापुढे चालणारे सेवक) या तिन्ही गोष्टी रोमने एट्रुस्कन लोकांकडून घेतल्या.

त्याखाली सुबसेलियम, म्हणजे सरळ पायांचा साधा बाक. ट्रिब्यून ऑफ द प्लेब्ज, म्हणजे सामान्य लोकांचे (प्लेबियनांचे) निवडलेले प्रतिनिधी, यांचा अधिकार जबरदस्त. एका शब्दात कॉन्सलला अडवू शकत. पण बसायचे बाकावरच. प्लेबियन एडाइलही बाकावर. क्वेस्टर, म्हणजे खजिना सांभाळणारा अधिकारी, यालाही कुरूल आसन नाही.

लिक्टरांची संख्या सोबत लक्षात ठेवली तर चित्र पुरं होतं: डिक्टेटरला २४, कॉन्सलला १२, प्रेटरला शहरात २ आणि प्रांतात ६. कुरूल एडाइलला एकही नाही. आसन आहे, पण पुढे चालून गर्दी हटवणारं कुणी नाही.

यावरूनच ग्नेयस फ्लाव्हियसची गोष्ट नीट कळते. इ.स.पू. ३०४ मध्ये हा कुरूल एडाइल झाला. बाप मुक्त केलेला गुलाम, स्वतः आधी कारकून. आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला तेव्हा तिथे बसलेली उमरावांची तरुण पोरं ठरवून उठली नाहीत. फ्लाव्हियसने वाद घातला नाही. आपलं कुरूल आसन तिथे मागवलं आणि त्यावर बसून राहिला. अधिकारी आसनावर बसलेला असताना आपण त्याच्यासमोर बसून आहोत, ही आता उघड बेअदबी झाली. लिक्टर नसलेल्या माणसाकडे आसन हे एकच हत्यार होतं आणि त्याने ते अचूक वापरलं.

ज्यांना न्यायासन, सिनेट, रंगमंडळ, प्रांतातली शहरं यांतलं काही ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

अनुस्वार

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

एक शंका. आसनाला पाठ नव्हती ती मुद्दाम, अधिकाऱ्याला अवघडायला व्हावं आणि त्याने कामं झटपट उरकावीत म्हणून, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. याला आधार आहे का?

उत्खनक

अनुस्वार, हे कारण प्राचीन लेखकांपैकी कुणी देत नाही. नंतरच्या लोकांनी लावलेला तर्क आहे, आणि तो पटण्यासारखाही नाही. पाठ असलेली खुर्ची रोममध्ये होती, तिला कॅथेड्रा म्हणत. ती घरातल्या स्त्रियांची आणि पुढे शिक्षकांची. पाठ आणि हात असलेलं भारदस्त सिंहासन देवांचं आणि राजांचं. ज्या राज्याने राजे हाकलून दिले, तिथे वर्षभरासाठी निवडून आलेला माणूस राजाच्या आसनावर बसणं शक्यच नव्हतं.

घडीचं का, याचं उत्तर सरळ आहे. अधिकारी जिथे जाईल तिथे आसन जायचं. फोरम, सिनेट, लष्करी छावणी, प्रांत, फ्लाव्हियसच्या बाबतीत तर आजाऱ्याच्या खोलीपर्यंत. नोकराने उचलून न्यायचं, मांडायचं, काम संपलं की घडी घालायची.

बांधणी अशी. समोर एक फुली, मागे एक फुली. प्रत्येक फुलीत दोन पाय मध्यावर एकमेकांना छेदतात आणि तिथे आरपार खीळ असते. डाव्या बाजूचे पुढचे-मागचे पाय वर एका आडव्या दांड्याने जोडलेले, तसेच उजव्या बाजूचे. या दोन दांड्यांमध्ये चामडं किंवा पट्टे ताणून बसायची जागा होते, वर उशी. सगळं वजन त्या ताणावर. पट्टे सैल पडले की पाय फाकतात आणि बैठक खाली येते, म्हणून अशा आसनात लाकडाआधी पट्ट्यांची देखभाल लागते. पाय सरळ न ठेवता वळणदार घेतले की फुली रुंद दिसते आणि आसनाला भारदस्तपणा येतो.

हस्तिदंत मात्र भरीव नाही, निदान मोठ्या भागांत नाही. सुळा वाकडा असतो आणि मुळाकडचा बराच भाग पोकळ, त्यातून पायाएवढा सलग तुकडा काढणं अवघड. त्यामुळे लाकडी गाभ्यावर हस्तिदंताचे पातळ पत्रे सरसाने चिकटवायचे. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, हस्तिदंताची चाल वेगळी, त्यामुळे सांधे उकलतात आणि पत्रे तडकतात. अशी वस्तू जमिनीत टिकत नाही. घडीची लोखंडी आसनं टिकली आहेत; ब्रिटनमधल्या बार्टलोच्या दफनटेकाडांत एक मिळालं. पण घडीचं प्रत्येक आसन कुरूल नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

वादीप्रतिवादी

दगडीपाटी, तुम्ही आसनाला हत्यार म्हणालात. मग त्या हत्याराच्या मोडतोडीबद्दलही लिहायला हवं. कॉन्सलने प्रेटरचं आसन मोडल्याच्या तीन घटना नोंदलेल्या आहेत, आणि तिन्ही एकत्र ठेवल्या तर कायद्याचा एक मुद्दा हाताला लागतो.

पहिली इ.स.पू. ११५ ची. कॉन्सल एमिलियस स्कॉरस जात असताना प्रेटर पब्लियस डेसियस बसूनच राहिला. स्कॉरसने त्याला उठायला लावलं, त्याचं वस्त्र फाडलं, आसन मोडलं आणि वर फर्मान काढलं की कुणीही याच्यापुढे दाद मागायला जायचं नाही.

दुसरी इ.स.पू. ६७. कॉन्सल अॅसिलियस ग्लाब्रियो जवळून गेला आणि प्रेटर लुसियस लुकुलस उठला नाही. आसनाचे तुकडे करण्याचा हुकूम झाला. लुकुलस चिडला नाही. तो आणि त्याच्यासोबतचे इतर प्रेटर यांनी त्यानंतर उभ्यानेच निकाल दिले. पूर्वेत मोहिमा गाजवणारा सेनापती लुकुलस तो हा नव्हे.

तिसरी इ.स.पू. ४८. प्रेटर सेलियस रूफसने आपलं आसन थेट नगर-प्रेटर ट्रेबोनियसच्या आसनाशेजारी नेऊन मांडलं आणि जाहीर केलं की ट्रेबोनियसने कर्जदारांबाबत दिलेल्या निकालांवर कुणाला दाद मागायची असेल तर मी ऐकून घेईन. प्रकरण चिघळलं. सिनेटने त्याला सरकारी कामकाजातून दूर केलं, कॉन्सल सर्व्हिलियस इसॉरिकसने त्याला भाषणाच्या मंचावरून खाली ओढलं आणि आसनही मोडलं. सेलियसने दुसरं आसन आणवलं, ते चामड्याच्या वाद्यांनी विणलेलं. इसॉरिकसला कधीकाळी बापाने चाबकाने फोडून काढलं होतं अशी बोलवा होती, आणि वाद्या म्हणजे चाबकाचीच आठवण. बघणाऱ्या प्रत्येकाला अर्थ कळला.

आता मुद्दा. आसन मोडल्याने प्रेटरचा अधिकार गेला का? नाही. लुकुलसने उभं राहून निकाल दिले आणि ते निकालच होते. स्कॉरसला आसन मोडून भागलं नाही, वेगळी मनाई काढावी लागली. सेलियसच्या बाबतीत सिनेटचा ठराव लागला. अधिकार माणसाच्या इंपेरियममध्ये, म्हणजे पदाने मिळालेल्या हुकूमसत्तेत होता, लाकडात नव्हता. कॉन्सलचं इंपेरियम प्रेटरहून वरचं. आसन मोडून तो एवढंच दाखवतो की माझ्यासमोर तुला बसता येणार नाही.

दगडीपाटी

वादीप्रतिवादी, मांडणी पटली, पण एक गोष्ट जोडतो. लुकुलसच्या प्रसंगात सहकारी प्रेटरही उभे राहिले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांची आसनं शाबूत होती. तरी त्यांनी बसायचं नाकारलं, आणि कॉन्सलच्या कृतीचा निषेध सबंध फोरमला दिसत राहिला. अधिकार लाकडात नसला तरी लोकांचे डोळे आसनाकडेच होते.

उठण्याचा नियमही इथेच लिहून ठेवतो. कॉन्सल किंवा प्रेटर समोरून आला तर घोड्यावरच्याने खाली उतरायचं, डोकं उघडं करायचं, वाट सोडायची, बसलेल्याने उठायचं. यातून बापही सुटत नसे. इ.स.पू. २१३ मध्ये फाबियस मॅक्सिमसचा मुलगा कॉन्सल होता. म्हातारा फाबियस घोड्यावरून त्याच्या छावणीत आला. पुढचे अकरा लिक्टर त्याच्याबद्दलच्या आदरापोटी गप्प राहिले. मुलाने शेवटच्या लिक्टरला हटकलं, तेव्हा त्याने म्हाताऱ्याला उतरायला सांगितलं. म्हातारा उतरला आणि म्हणाला, आपण कॉन्सल आहोत हे तुला नीट कळतं का, तेच बघत होतो.

नाणेवाला

चित्रं बघायची असतील तर नाण्यांइतकं भरवशाचं साधन नाही, कारण ती त्याच काळातली आणि अधिकाऱ्यांनीच पाडलेली.

इ.स.पू. ८४ चा फुरियस क्रासिपेसचा दिनार घ्या. मागच्या बाजूला फक्त कुरूल आसन, त्यावर त्याचं नाव कोरलेलं. फुली स्पष्ट दिसते. इ.स.पू. ५४ च्या पाँपेयस रूफसच्या दिनारावर तर दोन्ही बाजूंना कुरूल आसन आहे: एक सुल्लाचं, एक दुसऱ्या आजोबांचं. दोघे इ.स.पू. ८८ चे कॉन्सल आणि हा दोघांचा नातू.

बाक बघायचा तर इ.स.पू. १०० चं पिसो आणि केपियो यांचं नाणं. दोन क्वेस्टर एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेत, दोन्ही बाजूंना धान्याची कणसं. सरकारी धान्यखरेदीसाठी काढलेलं नाणं. इ.स.पू. ८६ च्या फानियस आणि क्रिटोनियसच्या नाण्यावर दोन प्लेबियन एडाइल तसेच बाकावर. आणि इ.स.पू. ४५ च्या लोलियस पालिकानसच्या दिनारावर जहाजांच्या चोची लावलेला भाषणमंच आहे, त्याच्या वर रिकामा बाक. तो ट्रिब्यूनांचा.

बाकावर दोघे-तिघे शेजारी बसतात, कुरूल आसन एकट्याचं. नाण्यावर हा फरक चटकन ओळखू येतो.

चौकट

सिनेटबद्दल थोडं.

आज फोरममध्ये उभी असलेली कुरिया युलिया, म्हणजे सिनेटगृह, ही सम्राट डायोक्लेशियनच्या काळातली पुनर्बांधणी. मूळ इमारत ऑगस्टसने, म्हणजे पहिल्या सम्राटाने, इ.स.पू. २९ मध्ये उद्घाटित केली, ती इ.स. २८३ च्या आगीत गेली. आतलं दालन साधारण २५ मीटर लांब, १७-१८ मीटर रुंद, २१ मीटर उंच. दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन रुंद, कमी उंचीच्या पायऱ्या. त्यांवर सिनेटरांची आसनं, मधे मोकळी वाट, टोकाला अध्यक्षांचा चौथरा आणि त्यावर कॉन्सलची कुरूल आसनं. दालनात तीनशेच्या आसपास माणसं मावतात. सुल्लापूर्वी सिनेटर तीनशेच होते, सुल्लाने सुमारे सहाशे केले, सीझरने नऊशेपर्यंत नेले, ऑगस्टसने पुन्हा सहाशेवर आणले. सगळे एकदम आले तर बसायला जागा नाही, हे गणित सरळ आहे.

मधली वाट शोभेसाठी नव्हती. मतदान चालून व्हायचं. अध्यक्ष म्हणायचा, अमुक मत असलेल्यांनी या बाजूला, इतर कोणतंही मत असलेल्यांनी त्या बाजूला जा. ज्याच्या मताशी आपण सहमत त्याच्या बाजूला जाऊन बसायचं. त्यामुळे कोण कुठे बसलाय यावरून सभेचा कल मतदानाआधीच कळू लागायचा. इ.स.पू. ६३ च्या नोव्हेंबरात सत्ता उलथवण्याच्या कटाचा सूत्रधार कॅटिलिना सिनेटमध्ये येऊन बसला, तेव्हा त्याच्या आजूबाजूचे बाक रिकामे झाले. माजी कॉन्सल उठून दुसरीकडे गेले. सिसेरोने आपल्या भाषणात ते रिकामे बाकच पुरावा म्हणून त्याला दाखवले.

ट्रिब्यूनांना सुरुवातीच्या काळात आत प्रवेशच नव्हता. दाराबाहेर बाक टाकून बसत आणि आत झालेले ठराव बाहेर आणून त्यांना दाखवावे लागत. पुढे बाक आत आला, पण बाकच राहिला. सम्राट क्लॉडियस महत्त्वाच्या विषयावर बोलायचं असेल तेव्हा कधी दोन कॉन्सलांच्या मधे कुरूल आसनावर बसे, कधी ट्रिब्यूनांच्या बाकावर. सम्राटाकडे दोन्ही अधिकार होते.

सीझरच्या विजययात्रेतला प्रसंगही बाकाचाच. तो ट्रिब्यूनांच्या बाकांसमोरून जात असताना पाँटियस अक्विला एकटा उठला नाही. सीझर ओरडला: मग अक्विला, घे की माझ्याकडून प्रजासत्ताक परत, ट्रिब्यून आहेस ना! पुढे कित्येक दिवस तो कुणालाही काही आश्वासन देताना "पाँटियस अक्विलाची हरकत नसेल तर" असं म्हणायचा. सिनेटमध्ये आणि न्यायचौथऱ्यावर सोन्याचं आसन घेणाऱ्या माणसाला एका बाकावरच्या माणसाचं न उठणं एवढं झोंबलं. आणि तोच सीझर सबंध सिनेट मानपत्र घेऊन आली तेव्हा व्हीनस जेनेट्रिक्सच्या मंदिरासमोर बसून राहिला. त्याच्याविरुद्धचा राग वाढवणाऱ्या गोष्टींत त्याचा चरित्रकार सुएटोनियस हीच सर्वांत वरची मानतो.

बाक हाणामारीतही आले. इ.स.पू. १३३ मध्ये ट्रिब्यून टायबेरियस ग्राकसला मारलं ते मोडलेल्या बाकांच्या पायांनी. पहिला घाव त्याच्याच सहकारी ट्रिब्यूनचा, पब्लियस सॅट्युरेयसचा. इ.स.पू. ५२ मध्ये खून झालेल्या क्लोडियस या लोकनेत्याचं प्रेत समर्थकांनी सिनेटगृहात नेऊन तिथल्याच बाकांची आणि मेजांची चिता रचली. इमारतही जळाली.

वादीप्रतिवादी

चौकट, क्या बात है. इ.स.पू. ४५ चा शेवटचा दिवसही यात घालायला हवा. ३१ डिसेंबर, क्वेस्टरांची निवडणूक भरलेली, कॉन्सल फाबियस मॅक्सिमसचं आसन मांडून ठेवलेलं. तेवढ्यात तो वारल्याची बातमी आली आणि आसन उचललं गेलं. सीझरने दुपारी उरलेल्या काही तासांसाठी कानिनियस रेबिलस याला कॉन्सल निवडून घेतलं. सिसेरोने मित्राला लिहिलं की कानिनियसच्या कारकिर्दीत कुणी जेवलं नाही. त्याच पत्रात तो म्हणतो की तू हे पाहिलं असतंस तर डोळ्यांतलं पाणी थांबलं नसतं. आसन मांडलं म्हणजे कॉन्सल आहे आणि उचललं म्हणजे नाही, असं त्या सकाळी शब्दशः घडलं.

न्यायासनाबद्दल थोडक्यात. प्रेटर उंच चौथऱ्यावर आसन मांडून काम करत असेल तर ते औपचारिक. काही हलकी कामं तो खाली, जमिनीच्या पातळीवर, चालता चालताही करू शके. वास्तुविशारद विट्रुव्हियसने इटलीतल्या फानो इथे बांधलेल्या बॅसिलिकात (न्यायकाम आणि व्यापाराच्या दालनात) न्यायचौथऱ्याची जागा वक्र ठेवली: समोर ४६ फूट, खोली १५ फूट. अर्धवर्तुळापेक्षा उथळ. कारणही देतो: अधिकाऱ्यांपुढे उभे राहणारे लोक आणि दालनात व्यापार करणारे एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत. रोमन फूट म्हणजे सुमारे २९.६ सेंटिमीटर.

नाणेवाला

रंगमंडळाचं अजून कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. खरी भांडणं तिथे झाली.

इ.स.पू. १९४ पर्यंत नाटकाला सगळे मिसळून बसत. त्या वर्षी सेन्सॉरांच्या सांगण्यावरून सिनेटरांना वेगळी जागा मिळाली आणि लोक नाराज झाले. पाचशे वर्षांहून अधिक काळ चाललं, आताच काय बिघडलं, असा सूर होता. इ.स.पू. ६७ मध्ये ट्रिब्यून रोशियस ओथोने कायदा केला: ऑर्केस्ट्रामागच्या (रंगमंचासमोरच्या, सिनेटरांच्या बसायच्या सपाट जागेमागच्या) पहिल्या चौदा रांगा इक्विटेस, म्हणजे अश्वारोही वर्गासाठी. पात्रता ४,००,००० सेस्टर्सची (सेस्टर्स हे रोमन नाणं) मालमत्ता. चार वर्षांनी ओथो नाटकाला आला तेव्हा सामान्य लोकांनी हुर्यो उडवली, अश्वारोहींनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रकरण हातघाईवर आलं. कॉन्सल सिसेरोने सगळ्यांना बाहेर बोलावून झापलं तेव्हा कुठे शांत झाले.

या कायद्याची अडचण पैशात होती. यादवी युद्धात अनेकांची मालमत्ता बुडाली आणि ते चौदा रांगांत बसायला घाबरू लागले. शेवटी ऑगस्टसने सवलत दिली: स्वतःकडे किंवा आईबापांकडे कधीकाळी तेवढी मालमत्ता असेल तर चालेल. उलट बाजूने घुसखोरीही होती. तरुण ऑक्टेव्हियनने, म्हणजे पुढच्या ऑगस्टसनेच, चौदा रांगांत बसलेल्या एका साध्या शिपायाला उठवलं. त्या शिपायाला छळ करून मारलं अशी अफवा उठली आणि सैनिक त्याच्यावर चालून आले. तो शिपाई धडधाकट समोर आला म्हणून ऑक्टेव्हियन वाचला.

सम्राट डोमिशियनच्या काळात हा नियम पुन्हा कडक झाला, तेव्हा लेइटस आणि ओशियानस हे रखवालदार फुकट्यांना हुडकून उठवत. मार्शलच्या एका कवितेतला नानेयस पुढच्या रांगेतून दोन-तीनदा उठवला जातो, मग आसनांच्या मधे दबकतो, आणि शेवटी रांगेच्या टोकाला एका गुडघ्यावर असा टेकतो की अश्वारोहींना वाटावं बसलाय आणि लेइटसला वाटावं उभा आहे.

ऑगस्टसने तर सगळंच आखून दिलं. पुतेओलीमध्ये भरगच्च खेळांत एका सिनेटरला कुणीच जागा दिली नाही, त्यावरून ठराव झाला की कुठल्याही गावच्या सार्वजनिक खेळात पहिली रांग सिनेटरांची. शिपाई आणि नागरिक वेगळे. विवाहित सामान्य पुरुषांना वेगळ्या रांगा. लहान मुलांचा वेगळा विभाग, त्यालगत त्यांच्या शिक्षकांचा. गडद कपडेवाल्यांना मधल्या भागात मज्जाव. स्त्रिया अगदी वर. फक्त व्हेस्टल कुमारिकांना (व्हेस्टा देवीच्या पुजारिणींना) प्रेटरच्या चौथऱ्यासमोर स्वतंत्र जागा. मल्लांच्या खेळांना स्त्रियांना पूर्ण बंदी.

मापांचं म्हणाल तर विट्रुव्हियसचे आकडे असे: बसायच्या पायरीची उंची किमान सव्वा फूट, कमाल एक फूट सहा अंगुळं, रुंदी दोन ते अडीच फूट. रंगमंच पाच फुटांपेक्षा उंच नको, कारण ऑर्केस्ट्रात बसलेल्या सिनेटरांना नटांचे हावभाव दिसले पाहिजेत. ग्रीक रंगमंच याहून पुष्कळ उंच, कारण तिथे ऑर्केस्ट्रात कुणी बसत नसे.

अनुस्वार

लाबेरियसची गोष्टही याच चौदा रांगांची ना? सीझरने अश्वारोही लाबेरियसला रंगमंचावर उतरायला लावलं, मग ५,००,००० सेस्टर्स आणि सोन्याची अंगठी देऊन दर्जा परत दिला. तो जागा शोधत निघाला तेव्हा सिसेरो म्हणाला, इथे दाटी नसती तर तुला बसवून घेतलं असतं. टोला सीझरने फुगवलेल्या सिनेटला होता. लाबेरियसने लगेच परत केलं: नवल आहे, तुम्ही तर नेहमी दोन आसनांवर बसता!

नाणेवाला

अनुस्वार, तीच. आणि परदेशी पाहुण्यांचीही एक आहे. इ.स. ५८ मध्ये फ्रिसियन या जर्मन टोळीचे व्हेरिटस आणि मालोरिक्स रोमला आले. त्यांना सेनापती पाँपेयने बांधलेल्या तिथल्या रंगमंडळात नेलं. खेळ त्यांना कळेना, म्हणून कोण कुठे बसतं तेच विचारत होते. सिनेटरांमध्ये परदेशी वेशातले लोक दिसले. शौर्य आणि रोमची मैत्री यांत श्रेष्ठ ठरलेल्या राष्ट्रांच्या दूतांना हा मान, असं कळल्यावर दोघे म्हणाले, शस्त्रांत आणि इमानात जर्मनांपुढे कुणी नाही, आणि सरळ खाली जाऊन सिनेटरांत बसले. लोकांनी कौतुक केलं. नीरोने दोघांना नागरिकत्व दिलं, मात्र त्यांच्या टोळीला जमीन सोडायचा हुकूम केला.

उत्खनक

रोमबाहेरच्या गावांतलं दगडात आणि कांस्यात टिकलं आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच भाग सर्वांत श्रीमंत आहे.

स्पेनमधल्या उर्सो वसाहतीची सनद पाहा, आजचं ओसुना. वसाहत इ.स.पू. ४४ ची, सनदेचे कांस्याचे पत्रे १८७०-७१ मध्ये सापडले. त्यात नगरसभासदांच्या, म्हणजे डेक्युरिअनांच्या जागेवर दुसरा कुणी बसला तर ५,००० सेस्टर्स दंड. हा आकडा केवढा, हे त्याच सनदेतल्या पगारांवरून कळतं. दोन मुख्य अधिकाऱ्यांचा कारकून वर्षाला १,२००, लिक्टर ६००, निरोप्या ४००, पुकारा करणारा ३००. म्हणजे चुकीच्या जागी बसण्याचा दंड लिक्टरच्या आठ वर्षांच्या पगाराहून जास्त.

गावच्या सभेला आणखी एक मान देता येई: बिसेलियम. दोघांच्या रुंदीचं आसन, पण बसायचं एकट्याने. पाँपेईत हर्क्युलेनियम दरवाजाबाहेर नेवोलेया टिखेने स्वतःसाठी आणि मुनाशियस फाउस्टससाठी बांधलेल्या थडग्यावर ते कोरलेलं आहे, डेक्युरिअनांनी लोकसंमतीने दिल्याची नोंदही. तिथेच जवळ काल्व्हेन्शियस क्विएटसच्या थडग्यावर दुसरं. दोघेही ऑगस्टालिस, म्हणजे सम्राटपूजेच्या मंडळातले. या मंडळात मुख्यतः मुक्त केलेले गुलाम असत आणि त्यांना गावचं मोठं पद मिळत नसे. पद देता येत नाही, पण पदाच्या तोडीची बैठक देता येते, ही सोय गावांनी शोधली आणि श्रीमंत मुक्तांचा पैसा गावकामी वळवला.

व्यवसायसंघांनाही जागा मिळत. फ्रान्समधल्या नीमच्या अँफिथिएटरमध्ये (गोलाकार खेळ-आखाड्यात) रोन आणि सोन नद्यांवरच्या नावाड्यांना ४० जागा दिल्याचा लेख आहे, दुसऱ्या एका नावाडीसंघाला २५. आसनपायरीवर जागा आखणाऱ्या रेघा अनेक ठिकाणी दिसतात, माणशी सुमारे ४० सेंटिमीटर. कलोसियममध्ये इ.स. ८० साली आर्वाल पुरोहितमंडळाला जागा दिल्या त्या माणसांत न मोजता फुटांत: तीन वेगवेगळ्या मजल्यांवर मिळून १२९½ फूट. खालचे संगमरवरी भाग खुद्द पुरोहितांचे आणि सर्वांत वरच्या लाकडी बाकांवर त्यांची नोकरमाणसं, हा तर्क मला बरोबर वाटतो.

संग्रहालयात बिसेलियम म्हणून ठेवलेलं काही दिसलं तर जपून. एकोणिसाव्या शतकात बाजेच्या कांस्याच्या टेकणीचे तुकडे जोडून बरीच "बिसेलियम" बनवली गेली. बैठकीच्या बाजूंना वळणदार, घोड्याच्या किंवा खेचराच्या डोक्याची टेकणी लावलेली दिसली तर ती बहुधा पलंगाची. थडग्यांवरच्या कोरीवकामात पाय सरळ, कातीव, वर झालरीची उशी, आणि मधोमध एकच पायपाट. एकाच माणसाचं आसन, याची खूण तो पायपाट.

चौकट

अवांतर: हस्तिदंत आपल्याकडून जायचं का?

उत्खनक

चौकट, प्रजासत्ताकाच्या सुरुवातीच्या काळात उत्तर आफ्रिका जवळ होती. सम्राटांच्या काळात लाल समुद्रातून भारतीय हस्तिदंत निश्चित जायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत बारिगाझा, म्हणजे भडोच, इथून निघणाऱ्या मालात हस्तिदंत आहे, आणि पैठण व तेर इथून भडोचला माल उतरायचा हेही त्यात आहे. पाँपेईत १९३८ मध्ये मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती भारतीय घडणीची, आणि तिच्या जवळच्या मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. पण एखाद्या कुरूल आसनाचं हस्तिदंत इथलं असं म्हणायला आसन तर हाती हवं.

दगडीपाटी

सगळ्यांचे आभार. रिकाम्या आसनाचा विषय राहिला होता तो घालतो.

माणूस नसतानाही आसन काम करायचं. उमरावाच्या अंत्ययात्रेत पूर्वजांचे मुखवटे घातलेली माणसं, ज्याने जे पद भूषवलं त्याच्या वेशात, भाषणमंचापर्यंत येत आणि तिथे रांगेने हस्तिदंती आसनांवर बसत. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने हे वर्णन करून म्हटलंय की कीर्तीची आस असलेल्या तरुणाला यापेक्षा चांगलं दृश्य दुसरं नाही. इ.स.पू. ४४ मध्ये ऑक्टेव्हियनने खेळांत सीझरचं सोन्याचं आसन मांडायचं ठरवलं, तेव्हा खर्च करणाऱ्या एडाइल क्रिटोनियसने साफ नकार दिला. इ.स.पू. २३ मध्ये ऑगस्टसचा भाचा मार्सेलस वारला; त्याची सोन्याची प्रतिमा, मुकुट आणि कुरूल आसन रंगमंडळात आणून अधिकाऱ्यांच्या मधे ठेवायचं ठरलं. पुढे राजघराण्यातला सेनापती जर्मॅनिकस वारला तेव्हा त्याच्यासाठी आसनांवर ओकच्या पानांचे मुकुट.

परकीय राजालाही ते देता येई. इ.स.पू. २०३ मध्ये सेनापती स्किपियोने उत्तर आफ्रिकेतल्या न्युमिडियाच्या मासिनिसाला राजा म्हणून संबोधून सोन्याचा मुकुट, हस्तिदंती दंड, नक्षीदार टोगा आणि कुरूल आसन दिलं.

नाणेवाला

दगडीपाटी, शेवट कुठे होतो तेही नोंदवू. पाचव्या-सहाव्या शतकात कॉन्सल पद स्वीकारताना हस्तिदंताच्या जोडपट्ट्या भेट देत. इ.स. ५१७ चा कॉन्सल अनास्तासियस याच्या पट्टीवर तो कुरूल आसनावर बसलाय, उजव्या हातात वर धरलेला रुमाल, तो खाली टाकला की शर्यत सुरू. आसनाच्या पायांवर सिंहमुखं आली आहेत, खाली पायपाट आहे, बाकी रचना ओळखीची. इ.स. ५४१ च्या बासिलियसनंतर सम्राटाशिवाय दुसरा कुणी कॉन्सल नेमला गेला नाही, त्यामुळे या पट्ट्याही त्याच्यापाशीच थांबतात.